मेणाची वडी घेऊन सांगलीला

सांगलीला मी याआधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला. या वेळी पिशवीत आहेर नव्हता. माझ्याच डोक्यातल्या गाठीचा तुकडा होता. तो मेणात बसवलेला असतो. काडेपेटीपेक्षा लहान अशी प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर चिकटवलेली पांढरी वडी आणि तिच्या आत शेंगदाण्याएवढा करडा डाग. सोबत आठ काचपट्ट्या होत्या. ज्यांना असं जावं लागलेलं नाही त्यांना कळावं म्हणून लिहिते. दाखवायचं कुणाला ते अजून ठरवलेलं नाही.

दिवाळीनंतर कराडला माझं ऑपरेशन झालं. उजवा पाय ओढत होता, सकाळी उठलं की डोकं फुटायला यायचं. फोटोत गाठ दिसली. मेंदूची नाही, मेंदूवरच्या आवरणाची. ती काढली, पण मोठ्या शिरेला चिकटलेला थोडा भाग डॉक्टरांनी ठेवून दिला. शीर फाटली असती. मग त्या गाठीचा ग्रेड ठरवायचा होता. ग्रेड एक म्हणजे गरीब गाठ, उरलेल्या भागावर नुसतं लक्ष ठेवायचं. ग्रेड दोन म्हणजे रेडिएशनचा शेक घ्यायचा, सहा आठवडे, रविवार सोडून रोज, आणि तरी ती परत येण्याची भीती. हा निवाडा पेशी मोजून होतो. ठरलेल्या जागेत दुभागणाऱ्या चार पेशी सापडल्या तर ग्रेड दोन. कराडच्या डॉक्टरांना तीन सापडल्या आणि चौथीपाशी ते अडले. ती धरायची का नाही, हे सांगलीच्या डॉक्टरीणबाईंना विचारून या, म्हणाले. हार्मोनची एक तपासणीही तिथंच करायची होती.

मंगळवार

माझे धाकटे दीर, विलास भाऊजी, सोबत येणार होते. मालक मिलिटरीतून रिटायर होऊन पुण्याला सिक्युरिटीत आहेत, म्हणून दवाखान्याचं सगळं भाऊजीच बघतात. डॉक्टर मला विचारतात आणि भाऊजी उत्तर देतात. पण सोमवारी संध्याकाळी ऊसतोडीची टोळी आमच्या फडात उतरली आणि त्यांना हलता येईना. वडी कुरिअरनंही जाते, असं कराडच्या लॅबमधून सांगितलं होतं. ते सासूबाईंना पटलं नाही. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो.

"माणसाच्या डोस्क्यातलं काय कुरेरनं धाडत्यात व्हय? मी जाती हिच्यासंगं. संगी हाय की सांगलीत." संगीता ही त्यांची भाची.

रहिमतपूरच्या स्टँडवर कंडक्टरनं त्यांना वय विचारलं. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना तिकीट लागत नाही.

"पंच्याहत्तरच्या फुडं," आत्याबाई म्हणाल्या.

"आजी, आधार दाखवा." त्यानं बघितलं. "यावर बहात्तर हाय."

"ते काढणाऱ्यानं चुकीवलंया. माजं लगीन झालं तवा तुजा बा बी जलमला नव्हता."

"माझा बा आत्ता एकोणसत्तरचा हाय, आजी."

सगळी गाडी हसली. आत्याबाईही हसल्या आणि बायकांचं अर्धं तिकीट त्यांनी मुकाट घेतलं.

कराडला उतरून लॅबमधून वडी, काचपट्ट्या आणि डॉक्टरांचं पत्र घेतलं. तिथल्या माणसानं सांगितलं, "उन्हात ठेवू नका, बाकी काही होत नाही." मी मान हलवली. आत्याबाई तेव्हा बाहेर बाकावर बसल्या होत्या, हे इथं सांगून ठेवते.

सांगलीच्या गाडीत आमच्या शेजारी शिराळ्याचे एक आजोबा होते. वाठारच्या पुढं गाडी जाईपर्यंत आत्याबाईंनी त्यांना माझं ऑपरेशन, टाके, पायाची ओढ आणि पिशवीतली वडी असं सगळं सांगून टाकलं. डोक्यावर बोटभर केस उगवलेत, ते दिसू नयेत म्हणून मी पदर पुढं ओढून खिडकीबाहेर बघत बसले. रस्त्याकडेला ऊस तुटून गेलेली रानं होती, पाचट जळून काळी झालेली.

"मेण म्हणता?" आजोबा म्हणाले. "मग ह्या उनात त्येचं पानी हुईल की वं. आमच्या पोरानं गाडीत फुडं मेणबत्ती ठिवली व्हती. पार भाकरीवानी पसारली."

"आगं बया! आन् मग आतलं?"

"आतलं काय ऱ्हातंय? वघळून जाईल त्ये बी."

मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला, बर्फात ठेवा. दुसरा म्हणाला, ओल्या फडक्यात ठेवा. काही होत नाही असं लॅबवाल्यानं सांगितलंय, हे मला माहीत होतं. पण गाडीभर पुरुष बोलत असताना मध्येच आपला आवाज काढायचा, हे मला जमत नाही. मी आत्याबाईंचा पदर ओढला. त्यांना वाटलं, मला घाई झालीय.

पेठ नाक्यावर गाडी थांबली तशा त्या उतरल्या आणि रसवंतीवर जाऊन उभ्या राहिल्या. धपाट्यांचा स्टीलचा डबा त्यांनी रिकामा केला. धपाटी माझ्या ओटीत आली. डब्यात बर्फ, बर्फावर वडीची पिशवी, तिच्यावर काचपट्ट्या आणि पत्र, वरून झाकण. बर्फवाल्यानं पैसे घेतले नाहीत. ड्रायव्हर हॉर्न मारत होता आणि गाडीतले सगळे त्याला ओरडत होते, "थांब की रं जरा, डोस्क्याचं काम हाय!"

आष्ट्यापर्यंत माझी मांडी भिजली. सांगलीला संगीताच्या घरी डबा उघडला, तेव्हा पत्र पाण्यात पोहत होतं. कराडच्या डॉक्टरांनी शाईच्या पेनानं दोन पानं लिहिली होती. आता त्यांचं एक निळं पान झालं होतं. काचपट्ट्या पुसून ठेवल्या. वडी होती तशी होती.

संगीतानं पत्र तारेवर वाळत घातलं आणि आम्हाला भडंग आणि चहा दिला. इकडचं भडंग आमच्या चिवड्यापेक्षा तिखट असतं, लसूण जास्त, आणि बरोबर कच्चा कांदा. रात्री जोंधळ्याची भाकरी आणि दही कालवलेली शेंगदाण्याची चटणी होती. आमच्याकडे ही चटणी कोरडीच खातात. आत्याबाई दोन भाकरी जेवल्या आणि म्हणाल्या, "संगे, हाताला चव हाय गं तुज्या."

बुधवार

लॅब मिरजेच्या रस्त्याला आहे, दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. त्यांनी ते निळं पान उलटसुलट बघितलं.

"यात एवढं पाणी कसं गेलं?"

"बरफ व्हता," आत्याबाई म्हणाल्या.

"बर्फ? तो कशाला?"

"मेण हाय न्हवं! वितळलं म्हंजे?"

बाई मनापासून हसल्या. "आजी, हात पोळेल इतकं तापल्याशिवाय हे मेण वितळत नाही. सांगितलं नाही का तुम्हाला कुणी?" आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.

वडीच्या जाळीवरचा नंबर पेन्सिलनं लिहिलेला होता, तो टिकला होता. काचपट्ट्यांवरचाही जुळला. पत्रातली माहिती मात्र गेली होती. बाईंनी कोरा फॉर्म काढला. "आपण नव्यानं भरू. मी विचारते, तुम्ही सांगा."

नाव, वय त्रेचाळीस, एक मुलगी, ती लग्न होऊन फलटणला. पाय कधीपासून ओढतोय. फिट आली होती का. मग त्यांनी विचारलं, "पाळी नियमित आहे?"

"तिची पाळी बंद हाय," आत्याबाईंनी सांगितलं. "नऊ वर्सं झाली. देवीनं घेतली."

"चौतिसाव्या वर्षी?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हार्मोनची काही औषधं? पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या, इंजेक्शन?"

हाच प्रश्न कराडलाही विचारला होता. तिथं भाऊजी म्हणाले होते, "नाही, तसलं काही नाही," आणि मी गप्प राहिले होते. भाऊजी खोटं बोलले नाहीत. त्यांना माहीतच नव्हतं.

आमच्या घरात देवीचं ठाणं आहे. मंगळवार, शुक्रवार आणि जत्रेचा नैवेद्य घरच्या सुनेनं करायचा. बाहेरच्या गावांतूनही लोक येतात. एका जत्रेला पुरण शिजत असतानाच मला पाळी आली. पाच पायली डाळीचं पुरण, कटाची आमटी, सगळं ओढ्याला नेऊन ओतलं. कुणी मला शिवी दिली नाही, पण दिवसभर अंगणातून माणसं उपाशी परत जात होती आणि मी गोठ्याच्या बाजूला बसून बघत होते. त्यानंतर सणावाराला गोळ्या घ्यायला लागले. पुढं एका सिस्टरनं तीन महिन्यांचं इंजेक्शन सांगितलं. दोन-तीन घेतल्यावर पाळी यायचीच थांबली. आत्याबाईंनी आपणहून अर्थ लावला की देवीनं सेवेसाठी मोकळं केलं. शेजारणी येऊन माझ्या पाया पडायला लागल्या. नाही म्हणायला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी पाय मागं घेत राहिले, एवढंच.

"इंजेक्शन घेते," मी म्हणाले. "तीन महिन्यांचं."

आवाज इतका लहान निघाला की बाईंनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं.

"किती वर्षं?"

"नऊ."

"शेवटचं कधी?"

"मागच्या महिन्यात."

त्यांचा पेन थांबला. "म्हणजे ऑपरेशननंतरसुद्धा?"

मी हो म्हटलं. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. आत्याबाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता तो बंद झाला होता.

बाई रागावल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून त्यांनी समजावून सांगितलं. अशा गाठींपैकी पुष्कळ गाठींच्या पेशींमध्ये एका बायकी हार्मोनला धरून घेणारी जागा असते. तिला रिसेप्टर म्हणतात. ते हार्मोन येऊन तिथं बसलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळू शकतो. माझ्या इंजेक्शनात त्याच जातीचं औषध असतं.

"मग मीच वाढवली का?" मी विचारलं.

"असं कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. इंजेक्शन न घेणाऱ्या बायकांनाही ही गाठ होते, आणि घेणाऱ्या बहुतेकींना होत नाही. पण तुमच्या डोक्यात थोडी गाठ शिल्लक आहे. तेव्हा हे औषध आजपासून बंद. कराडच्या डॉक्टरांना मी आत्ताच फोन करते. ग्रेड मात्र मी काचा बघूनच सांगणार. सोमवारी या."

जिना उतरताना आत्याबाई पुढं होत्या. एरवी त्या माझा उजवा हात धरतात. रिक्षात त्या बाहेरच्या बाजूला तोंड करून बसल्या आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

गुरुवार ते रविवार

हे चार दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं फार नाही. आत्याबाई संगीताशी बोलायच्या, शेजारच्या कानडी म्हातारीशी बोलायच्या. माझ्याशी नाही. ती म्हातारी मला अक्का म्हणायची. ऊट आयता, म्हणजे जेवण झालं का, हे दोन शब्द मी तिच्याकडून शिकले. एका सकाळी कृष्णेच्या घाटावर गेलो. नदी आमच्याकडूनच येते, पण इथं तिचं पात्र रुंद आणि पाणी संथ आहे. आत्याबाईंनी ओंजळीनं पाणी सोडलं. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी संगीता मला तिच्या कामावर घेऊन गेली. ती बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. लांबलचक टेबलांवर बेदाणा ओतलेला असतो आणि दोन्ही बाजूंनी बायका बसतात. हिरवा लांब एकीकडं, पिवळा दुसरीकडं, काळा आणि सुरकुतलेला तिसरीकडं. हात इतके भरभर चालतात की नजर पुरत नाही. मधूनच संगीतानं एक दाणा उचलून आपल्यासमोर वेगळा ठेवला.

"हा कुठला?" मी विचारलं.

"कळना झालाय. उनात बघायचा."

थोड्या वेळानं ती उठली, दारात जाऊन तो दाणा उजेडात धरला आणि येऊन हिरव्यात टाकला. दिवसभर मला तेच दिसत राहिलं. माझी ती चौथी पेशी आत्ता कुणाच्या तरी डोळ्यांसमोर होती.

रविवारी संगीता न्हाऊन केस वाळवत बसली होती. आत्याबाई म्हणाल्या, "आज काय गं डोस्क्यावरनं पानी? काल की शनवार व्हता, तुजा न्हायाचा वार, काल न्हाई न्हालीस."

"अडचण व्हती वं आत्या. आज चौथा दिवस."

आत्याबाईंच्या हातातला चहा फरशीवर सांडला. "म्हंजे? गुरुवारपास्नं? आन् सैपाक?"

"केला की मीच. कोण करणार? सकाळी डबा, दिसभर शेड. बाजूला बसाय मला जागा कुठाय?"

"आन् मी त्ये खाल्लं?"

"खाल्लं की. शुक्रवारी तर तीन भाकऱ्या खाल्ल्या. चव हाय म्हणालात."

"माज्या गळ्यात देवीची माळ हाय गं भवाने!"

"मग? माळ तुटली का वं?"

आत्याबाईंचा हात गळ्याशी गेला. मला हसू आलं आणि मी ते पदरात दाबलं. त्यांनी ते बघितलं. बुधवारपासून पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलल्या.

"सुमन, डाक्तरनीनं सांगितलं त्ये खरं असंल, तर त्या इंजिशनाला मीच धाडलं की गं तुला."

"तुम्ही कुठं धाडलं? तुम्हाला माहीत नव्हतं."

"पुरण मी वतलं व्हतं," त्या म्हणाल्या. मग उठून आत गेल्या, संगीताचं फडकं घेऊन आल्या आणि सांडलेला चहा पुसायला लागल्या.

सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे पेशी बघायची, दोन बाजूंनी बघता येईल अशी दुर्बीण आहे. एका बाजूला त्या बसल्या, दुसऱ्या बाजूला मला बसवलं. "बघा," म्हणाल्या, "तुमचंच आहे."

आधी नुसता उजेड दिसला. मग गुलाबी रंग, आणि त्यात जागोजागी पेशी एकमेकींभोवती गुंडाळलेल्या, अंगठ्याच्या ठशात रेघा असतात तशा. मला घाण काहीतरी दिसेल असं वाटलं होतं. तसं नव्हतं.

मग त्यांनी काच थोडी सरकवली. "ही कराडची चौथी. दाटलेला काळा ठिपका दिसतो? दुभागणारी पेशी वेगळी दिसते, तिच्या आतला धागा दोन बाजूंना ओढला जातो. ही आकसलेली आहे. मरायला टेकलेली. हिला मी धरत नाही. मी नव्यानं काचा करून दोनदा मोजलं. तीनच्या वर जात नाही. आलेल्या तुकड्यात मेंदूत शिरल्याचीही कुठं खूण नाही." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ग्रेड एक."

मी दुर्बिणीवरून डोळे काढले नाहीत. काढले असते तर त्यांना ते भरलेले दिसले असते.

"शेक?" आत्याबाईंनी विचारलं.

"मला त्याची गरज दिसत नाही. कराडचे डॉक्टर पक्कं सांगतील. सहा महिन्यांनी फोटो काढायचा."

मग दुसरी काच ठेवली. तिच्यात पेशींची मधली टिंबं तपकिरी होती, भाजलेल्या जिऱ्यासारखी, जवळजवळ सगळीच. ती टिंबं म्हणजे हार्मोनच्या जागा. या अशा भरपूर असणं हे सहसा गरीब गाठीचं लक्षण, बाई म्हणाल्या, पण ग्रेड त्यावरून ठरत नाही. आणि याच जागा आहेत म्हणून ते इंजेक्शन मला पुन्हा कधी चालणार नाही. हे त्यांनी कागदावर मराठीतही लिहून दिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आत्याबाई दुर्बिणीत बघायला नको म्हणाल्या. त्यांनी वेगळंच विचारलं. "इंजिशन बंद केलं की हिची पाळी परत येनार?"

"येईल बहुतेक. सहा महिने, कधी वर्षही लागतं."

"येऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी माझा उजवा हात धरला.

घरी

कराडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून शेक नको म्हणून सांगितलं. विलास भाऊजींना इंजेक्शनचं कळलं तेव्हा ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी मी बाहेर बसतो. तुमचं तुम्ही सांगा." मालकांना फोनवर मीच सांगितलं. ते म्हणाले, बरं.

शुक्रवारी नैवेद्याला पलीकडच्या आळीतली एक नवी सून आली आणि बाकीच्यांसारखी माझ्या पायाशी वाकली. आत्याबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "तिच्या नगं पडूस. तिला देवीनं काय दिल्यालं न्हाई, इंजिशनं दिली व्हती. तू काय घेत असशील तर डाक्तरला सांग." ती पोर लाल झाली. जाताना तिनं माझ्याकडं वळून बघितलं.

बाकी घरातला नेम अजून तोच आहे. आत्याबाई तो सोडतील असं मला वाटत नाही आणि मी सोडा म्हटलेलं नाही. पाळीही अजून आलेली नाही. रोज सकाळी त्या आधी डोकं दुखतंय का ते विचारतात आणि मग, चुलीकडं तोंड करून, दुसरं.

काल म्हणाल्या, "जत्रंच्या दिवशी आली तर?"

मी चुलीत काटकी सारली.

"आली तर मला येऊन सांग. लपवू नगंस. चूल मी बगीन."

"पुरण शिजत असलं तर?"

त्यांनी विस्तवावरची भाकरी उलटली. "शिजू दे," त्या म्हणाल्या. "तू सांग फक्त."

मी म्हटलं, सांगीन.